कुडा : एका वनौषधीची ओळख आणि परीक्षा

सुरत शहरात कतारगाम दरवाजाच्या बाजूस डच लोकांची जुनी दफनभूमी आहे. तीमधील सर्वांत भव्य घुमटाची वास्तू ज्या पुरुषाच्या स्मरणार्थ उभारण्यात आली, त्याचे नाव हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड. तो वैद्य नव्हता, व्यवसायाने वनस्पतिशास्त्रज्ञही नव्हता. डच ईस्ट इंडिया कंपनीचा तो एक उच्चपदस्थ अधिकारी होता. इ. स. १६९१ च्या डिसेंबर महिन्यात कोचीहून सुरतेकडे येत असता समुद्रप्रवासातच त्याचा अंत झाला आणि त्याचा देह सुरतेच्या भूमीत विसावला. कंपनीच्या व्यापाराचे हिशेब आज कोणाच्या स्मरणात नाहीत. परंतु ह्या अधिकाऱ्याने मलबारातील वनस्पतींविषयी जो बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध करविला, तो मात्र विद्वानांच्या आदरास आजही पात्र आहे. त्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात एका लहानशा रानझाडाचे चित्र असून त्याचे मल्याळी नाव ‘कोडगपाल’ असे दिले आहे. संस्कृतातील ‘कुटज’ तो हाच. मराठीतील ‘कुडा’ तो हाच. आणि ज्याच्या बियांस महाराष्ट्रात व गुजरातेत सारखेच ‘इंद्रजव’ म्हणतात, तेही झाड हेच होय.

ह्याच सुरत शहराच्या आग्नेय भागात लिंबायत वसले आहे. कापडाच्या धंद्यानिमित्त खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची येथे दाट वस्ती आहे. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या उधना–जळगाव लोहमार्गाने ही माणसे आली आणि येताना आपली भाषा, आपले सणवार व आपल्या आजीबाईंच्या बटव्यातील औषधेही घेऊन आली. सातपुड्याच्या पायथ्याशी, सह्याद्रीच्या उतारावर आणि सुरतेच्या पूर्वेकडील डांगच्या अरण्यात कुडा सर्वत्र उगवतो. आव पडू लागली, पोटात मुरडा उठला, की कुड्याची साल उगाळून देण्याची रीत ह्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

ह्या रीतीत तथ्य किती, आणि शास्त्राच्या कसोटीस ती कितपत उतरते, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. घरातील आजाऱ्यास काय द्यावे आणि केव्हा वैद्यकीय साहाय्यासाठी धाव घ्यावी, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. कुड्याचा इतिहास पाहू जाता एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. ती अशी की, ह्या औषधाला यश आले ते जेव्हा झाडाची ओळख नीट पटली आणि रोगाची ओळखही नीट पटली तेव्हा. ह्या दोहोंपैकी एकीत चूक झाली, की उत्तम औषधही निरुपयोगी ठरले.

झाडाचे रूप

कुडा हा पानझडी वनांतील लहान वृक्ष होय. त्याची पाने समोरासमोर येतात. पान अथवा कोवळी डहाळी मोडली असता पांढरा चीक वाहतो. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या आरंभापर्यंत त्यास पांढऱ्या सुवासिक फुलांचे घोस येतात. पुढे वीतभर वा त्याहून लांब, बारीक अशा शेंगा जोडीजोडीने लोंबू लागतात. शेंग तडकली म्हणजे आतून जवाच्या दाण्यासारखे लांबट बी निघते व त्याच्या एका टोकास तपकिरी केसांचा झुबका असतो. ह्या आकारावरूनच बियांस ‘इंद्रजव’ हे नाव मिळाले.

पर्वतावर फुलणारा म्हणून ह्यास ‘गिरिमल्लिका’ असेही एक सुंदर नाव आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील विरही यक्ष आषाढातील मेघास जे अर्घ्य देतो, ते ताज्या कुटजपुष्पांचेच. यक्षाचे ते निवासस्थान म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, अशी परंपरागत समजूत आहे. मेघाचे आगमन आणि कुड्याचा बहर ह्यांचा कवीने जोडलेला संबंध निसर्गात खराच आहे. आणखीही एक योगायोग येथे लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या ऋतूत नदीनाल्यांचे पाणी गढूळ होते व अतिसाराची साथ पसरते, त्याच ऋतूच्या तोंडी हे झाड रानात पांढरे होऊन उभे राहते. कोकणातील व डोंगरपट्ट्यांतील लोक त्याच्या फुलांची व कोवळ्या शेंगांची भाजीही आवडीने करतात.

संहितांतील कुटज

आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत कुटजास मानाचे स्थान आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधांचे जे गण सांगितले आहेत, त्यांतील अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याधीचा नाश करणाऱ्या, गणात कुटजाची गणना केलेली आहे. त्याच स्थानात पुढे, कोणत्या कार्यासाठी कोणते द्रव्य श्रेष्ठ, ह्याची एक प्रसिद्ध यादी येते. तीत कफ, पित्त व रक्त ह्यांचा स्राव रोखून धरणाऱ्या व तो शोषून घेणाऱ्या द्रव्यांत कुटजाच्या सालीस अग्रस्थान दिले आहे. रक्तातिसार, प्रवाहिका, ग्रहणी व रक्तार्श ह्या विकारांत सालीचा उपयोग का रूढ झाला, हे ह्यावरून ध्यानात येईल.

परंतु ह्याहूनही महत्त्वाचा उल्लेख कल्पस्थानात आहे. तेथे कुटजाचे दोन प्रकार वर्णिले आहेत. मोठ्या फळांचा, पांढऱ्या फुलांचा व तुळतुळीत पानांचा तो पुरुषजातीचा. आणि श्यामवर्णाची, तांबूस फुलांची व लहान फळांची ती स्त्रीजातीची. ह्या दुसऱ्या प्रकाराविषयी पुढील काळातील पंडितांत मतभेद आहेत. पुष्कळजण त्याचा संबंध मराठीत ज्यास ‘काळा कुडा’ म्हणतात त्या झाडाशी जोडतात. तो निर्णय कसाही होवो. कुटज म्हणून ओळखली जाणारी झाडे एकाहून अधिक आहेत आणि ती पारखून घेतली पाहिजेत, ही जाणीव संहिताकारांस पूर्णपणे होती, एवढे ह्यावरून निःसंशय सिद्ध होते.

उत्तरकालीन ग्रंथांत कुटजाचे अनेक कल्प आले. कुटजारिष्ट, कुटजावलेह, कुटजघनवटी ही त्यांपैकी आजही औषधांच्या दुकानांत मिळणारी नावे. शार्ङ्गधरसंहितेत कुटजाचा पुटपाक सांगितला आहे. ताजी साल तांदळाच्या धुवणात वाटावयाची, तिचा गोळा जांभळीच्या पानांत गुंडाळून बांधावयाचा, वरून मातीचा लेप द्यावयाचा आणि तो गोळा लाल होईपर्यंत विस्तवात भाजावयाचा. नंतर आतील कल्क पिळून निघालेला रस मधाबरोबर द्यावयाचा, अशी ती कृती आहे. वाळलेल्या सालीपेक्षा ताज्या सालीवर पूर्वाचार्यांचा कटाक्ष होता, हे येथे दिसते. आणि ताजी साल घ्यावयाची म्हणजे झाड समोर उभे असावयाचे. त्यामुळे ओळखीत चूक होण्याचा संभव आपोआपच कमी होत असे.

घरगुती परंपरा

ग्रंथांतील हे ज्ञान वैद्यांपुरते मर्यादित राहिले नाही. कोकणात व गोमंतकात ‘कुड्याचे पाळ’, म्हणजे कुड्याचे मूळ, सहाणेवर उगाळून ताकाबरोबर देण्याचा प्रघात आहे. इंद्रजवाचा उपयोग जंतांवर व जुनाट तापावर करतात. दोन्ही औषधे अतिशय कडू; परंतु त्या कडवटपणातच त्यांच्या खरेपणाची खूण आहे, असा अनुभवी लोकांचा विश्वास. तो किती सार्थ होता हे पुढे दिसून येईल.

विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या परंपरेस छापील ग्रंथांचा आधार लाभला. वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे ह्यांनी मराठीत ‘वनौषधिगुणादर्श’ व ‘आर्यभिषक्’ हे ग्रंथ लिहून देशी औषधींची माहिती सामान्य वाचकाच्या हाती दिली. इ. स. १९०७ मध्ये नाशिक येथे भरलेल्या पहिल्या आयुर्वेद संमेलनाचे प्रवर्तकही तेच. त्यांचा ‘आर्यभिषक्’ गुजराती भाषेत गेला आणि गुजरातेतील घरोघर मूळच्या तेथल्याच ग्रंथासारखा वापरला गेला. मराठी वैद्याने लिहावे आणि गुजराती गृहिणीने वाचावे, असा हा व्यवहार आहे; तापीच्या दोन्ही टोकांकडील लोक औषधांच्या बाबतीत एकमेकांस परके कधीच नव्हते.

कोचीचे वैद्य

आता पुन्हा सतराव्या शतकाकडे वळले पाहिजे. युरोपीय लोक भारतात आले तेव्हा येथील अतिसाराने त्यांस फार छळले. त्यांच्या औषधपेट्यांत ह्या रोगावर परिणामकारक असे फारसे काही नव्हते. साहजिकच त्यांची दृष्टी येथील वैद्यांकडे गेली. गोव्यात वास्तव्य करणाऱ्या गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने इ. स. १५६३ मध्ये गोव्यातच छापून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अतिसारावर गुणकारी अशा एका मलबारी वनस्पतीची माहिती दिली आहे. ती वनस्पती कुडाच असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

व्हॅन ऱ्हीड इ. स. १६७० मध्ये मलबारच्या डच ठाण्याचा प्रमुख झाला. परदेशातून खर्चाने आणवावी लागणारी औषधे पुष्कळदा मूळची ह्याच भूमीतील असतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. त्याने कोची येथे वनस्पतींचा संग्रह, चित्रण व वर्णन ह्यांचे प्रचंड कार्य आरंभिले. त्या कार्यात त्यास साहाय्य करणाऱ्यांत इट्टी अच्युतन् हा मल्याळी वैद्य होता. तसेच रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य होते. ह्या तिघांनी आपण ग्रंथकार्यात कोणता भाग घेतला, ह्याचे निवेदन कोंकणी भाषेत, नागरी लिपीत लिहून दिले. त्यावर २० एप्रिल १६७५ ही तारीख आहे. आम्स्टरडॅम येथे इ. स. १६७८ मध्ये ‘होर्टुस मलाबारिकुस’ ह्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला, तेव्हा हे निवेदन त्यांच्या अक्षरांच्या प्रतिकृतीसह त्यात छापण्यात आले. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी लिपीच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. ग्रंथाचा बारावा व शेवटचा खंड इ. स. १६९३ मध्ये, म्हणजे व्हॅन ऱ्हीडच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी बाहेर पडला.

ह्या ग्रंथाची थोरवी अशी की, त्यात सातशेंहून अधिक वनस्पतींची चित्रे असून त्यांसोबत स्थानिक नावेही नोंदलेली आहेत. पुष्कळ चित्रांवर तर मल्याळी, अरबी व नागरी अशा निरनिराळ्या लिप्यांत नाव कोरलेले आहे. कोणते झाड, कोणत्या लोकांत, कोणत्या नावाने ओळखले जाते आणि कशासाठी वापरले जाते, ह्याची साक्ष त्या त्या लोकांच्या वैद्यांकडूनच घेतली गेली. साक्षीदारांची नावेही लपविली गेली नाहीत. परक्या सत्तेच्या अधिकाऱ्याने येथील वैद्यांस त्यांच्या नावानिशी श्रेय द्यावे, ही त्या काळी विरळा गोष्ट होती. सुरतेतील त्या घुमटाकडे पाहताना डच कंपनीच्या वैभवापेक्षा हीच गोष्ट अधिक आठवावी.

एका नावाखाली दोन झाडे

कुड्याची कीर्ती अशा रीतीने युरोपात पोहोचली. परंतु तेथेच एक घोटाळा झाला. स्वीडनमधील थोर शास्त्रज्ञ लिनियस ह्याने इ. स. १७५३ मध्ये जगातील वनस्पतींस शास्त्रीय नावे दिली. त्यात त्याने ‘नेरियम अँटिडिसेंटेरिकम’, म्हणजे आमांशाचे निवारण करणारे, असे एक नाव योजिले. ह्या नावाखाली त्याने व्हॅन ऱ्हीडच्या ग्रंथातील कोडगपालाचे चित्र उल्लेखिले, आणि त्याबरोबरच सिंहलद्वीपातून आलेल्या एका वेगळ्याच झाडाचे नमुनेही. दोन्ही झाडे एकाच कुळातील, दोहोंची फुले पांढरी; लिनियसने स्वतः भारतात पाऊल टाकलेले नव्हते. परिणामी आमांशनाशक हे गुणवाचक नाव औषधी झाडाबरोबर दुसऱ्या झाडासही चिकटले.

पुढे इ. स. १८१० च्या सुमारास रॉबर्ट ब्राउन ह्या वनस्पतिज्ञाने ‘होलॅरेना’ व ‘राइटिया’ अशा दोन जाती वेगळ्या केल्या. नामकरणाच्या कडक नियमांनुसार लिनियसचे मूळ नाव सिंहलद्वीपातील ‘राइटिया’कडे गेले. आपल्या कुड्याचे आजचे शास्त्रमान्य नाव ‘होलॅरेना प्युबेसेन्स’ असे आहे. तथापि वैद्यकीय ग्रंथांत ‘होलॅरेना अँटिडिसेंटेरिका’ हेच जुने नाव अद्यापि पुष्कळ ठिकाणी आढळते.

हा वाद केवळ पंडितांच्या टेबलावर राहिला असता तर त्यात बिघडण्यासारखे काही नव्हते. परंतु त्याच सुमारास बाजारातही तसाच घोटाळा चालू होता. कुड्याची साल ‘कोनेसी साल’ ह्या नावाने अठराव्या शतकात युरोपात जाऊ लागली. प्रथम तिची वाहवा झाली, नंतर मात्र ती निष्फळ ठरू लागली व तिचे नाव मागे पडले. ह्याचे एक प्रमुख कारण जाणकारांनी पुढे दाखवून दिले. ते असे की, खऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळली जाई, किंवा तीच त्याच्या नावाने विकली जाई. काळा कुडा म्हणजे ‘राइटिया टिंक्टोरिया’. त्याच्या पानांपासून निळा रंग निघतो, त्याच्या मऊ पांढऱ्या लाकडाची सुबक खेळणी होतात. इतर गुणही त्यात असतील. परंतु आमांशावर खऱ्या कुड्याचे जे कार्य आहे, ते त्याच्या सालीकडून होत नाही. औषध हरले असे लोकांस वाटले. वस्तुतः औषध दिलेच गेले नव्हते.

हकीम लोक इंद्रजवाचे कडू व गोडे असे दोन भेद पूर्वीपासून करीत आले आहेत. कडू तो खऱ्या कुड्याचा, गोडा तो काळ्या कुड्याचा. बियांवरील केसांचा झुबकाही दोन्ही झाडांत परस्परविरुद्ध टोकांस असतो. काळ्या कुड्याच्या शेंगांची टोके कोवळेपणी एकमेकांस जुळलेली असतात. खऱ्या कुड्याच्या शेंगा मात्र सुट्या लोंबतात. तेव्हा कडवटपणात खरेपणाची खूण शोधणाऱ्या जुन्या माणसांचे म्हणणे निराधार नव्हते. मराठीत काळा कुडा, तांबडा कुडा, नागलकुडा अशी एकाच उपनावाची अनेक झाडे असल्यामुळे ही पारख आजही तितकीच आवश्यक आहे.

रसायनशाळेतील परीक्षा

एकोणिसाव्या शतकात परीक्षेचे स्वरूप पालटले. इ. स. १८५८ मध्ये हेन्स ह्या रसायनज्ञाने कुड्याच्या सालीतून एक अल्कलॉइड वेगळे काढले आणि त्याचे वृत्त मुंबईच्या वैद्यकीय सभेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ह्या द्रव्यास ‘कोनेसीन’ हे नाव मिळाले. पुढे सालीत व बियांत तत्सदृश अशी अनेक द्रव्ये आढळली. सालीतील त्यांचे एकंदर प्रमाण झाडाचे वय व साल काढण्याचा हंगाम ह्यांवर अवलंबून असून ते सामान्यतः एकपासून चार टक्क्यांपर्यंत भरते. कोनेसीनची रचना रसायनज्ञांनी उलगडली, आणि १९६२ मध्ये ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने बनविण्यातही यश आले.

झाडाची ओळख अशी पक्की होत असता रोगाची ओळखही शास्त्राने पक्की केली. आमांश हा एकच रोग नव्हे, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. इ. स. १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे ल्योश ह्या वैद्याने एका रुग्णाच्या मलात अमीबा पाहिला, तर इ. स. १८९७ च्या साथीत जपानी शास्त्रज्ञ शिगा ह्याने आमांशास कारणीभूत होणारा जंतू शोधला. बाह्य लक्षणे बरीचशी सारखी, कारणे मात्र सर्वस्वी निराळी. एका घरात कुड्याने गुण यावा आणि शेजारच्या घरात येऊ नये, असे का घडते ह्याचे एक उत्तर येथे मिळाले.

इ. स. १९१२ मध्ये कलकत्ता येथे लिओनार्ड रॉजर्स ह्यांनी अमीबाजन्य आमांशावर एमेटीनची टोचणी वापरून उत्तम यश मिळविले. परंतु एमेटीन हृदयास घातक ठरू शके, आणि ते ज्या मुळीपासून काढावयाचे ती मुळी दक्षिण अमेरिकेतील. म्हणून कलकत्त्याच्या उष्णप्रदेशीय रोगांच्या संस्थेत कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी ह्यांनी देशी कुड्याकडे लक्ष वळविले. सालीतील अल्कलॉइडांपासून सिद्ध केलेला एक कल्प त्यांच्या काळी ‘कुर्ची बिस्मथ आयोडाइड’ ह्या नावाने वापरात आला. चोप्रांच्या १९३३ मधील देशी औषधांवरील सुप्रसिद्ध ग्रंथातही कुड्याचा सविस्तर विचार आहे. अमीबाजन्य आमांशावर, विशेषतः तो जुना झाला असता, कुड्याचा उपयोग होतो, असा एकंदर अनुभव त्या काळी नोंदला गेला. संहिताकारांचे म्हणणे आधुनिक पद्धतीच्या रुग्णालयात तपासले गेल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

तथापि पुढची हकीकतही सांगितली पाहिजे. साल सोडून केवळ शुद्ध कोनेसीन मोठ्या मात्रेत दिले, तेव्हा काही रुग्णांस निद्रानाश, चक्कर, अस्वस्थता व मनोविकार जडल्याचे आढळले. इ. स. २००८ च्या सुमारास झालेल्या संशोधनात, कोनेसीन हे मेंदूतील हिस्टामिनच्या एका विशिष्ट ग्राहकास घट्ट बिलगते असे दिसून आले. मज्जासंस्थेवरील त्याच्या परिणामांचा उलगडा होण्यास ही माहिती साहाय्यक आहे. दरम्यान मेट्रोनिडाझोल हे कृत्रिम औषध पुढे आले. इ. स. १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे पॉवेल व त्यांचे सहकारी ह्यांनी अमीबाजन्य रोगावर त्याचा गुण दाखवून दिला. तेव्हापासून एमेटीन मागे पडले, आणि रुग्णालयांतून कुड्याचे कल्पही मागे पडले.

आजचा पुरावा

मग आज कुड्याविषयी काय म्हणता येईल? प्रयोगशाळेतील पुरावा बळकट आहे. सालीच्या अर्काने व तीतील अल्कलॉइडांनी अमीबा व अनेक रोगजंतू ह्यांवर परिणाम होतो. प्राण्यांवरील प्रयोगांत अतिसार कमी होतो. औषधांस दाद न देणाऱ्या काही जंतूंवर कोनेसीन इतर औषधांच्या जोडीने उपयोगी पडेल काय, ह्याचा थायलंडमधील शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे.

माणसांवरील पुरावा मात्र तुटपुंजा आहे. इ. स. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमीबा व जिआर्डिया ह्यांची बाधा झालेल्या ४० रुग्णांस कुटजाची साल देण्यात आली, आणि आतड्यातील अमीबाच्या विकारात सुमारे ७० टक्के यश नोंदविले गेले. निष्कर्ष आशादायक खरा. परंतु चाळीस रुग्णांवरून जगास मान्य होईल असा निर्णय देता येत नाही. मेट्रोनिडाझोलसारख्या औषधाच्या मागे जेवढ्या विस्तृत तुलनात्मक परीक्षा आहेत, तेवढ्या कुड्याच्या मागे नाहीत. मूळव्याधीतील रक्तस्रावावर कुटजाचा उपयोग आजही वैद्य करतात. त्याचीही मोठ्या प्रमाणावर काटेकोर परीक्षा होणे इष्ट आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ह्या परीक्षेस भिऊ नये. पुरुष-कुटज व स्त्री-कुटज असा भेद करणारे पूर्वाचार्य स्वतःच मोठे परीक्षक होते.

आयुर्वेदीय औषधकोशात कुटजत्वचेस स्थान आहे, आणि तीत भेसळ आहे की नाही हे आता सूक्ष्मदर्शकाने व रासायनिक कसोट्यांनी ठरविता येते. तरीही गाठोड्यातून विकली जाणारी सुकी साल कोणत्या झाडाची, हे सामान्य ग्राहकास डोळ्यांनी सांगता येणे कठीण. दुसरी चिंता झाडाचीच आहे. साल हेच औषध असल्यामुळे ती सभोवार सोलून काढली म्हणजे झाड उभ्याउभी मरते. एका झाडाचे सर्वस्व न घेता थोडथोडी साल घेण्याचा, आणि कुडा लावून वाढविण्याचा विवेक पाळला गेला नाही, तर पुढील पिढीस कुटज केवळ काव्यात व निघंटूंतच भेटेल.

रोग्याच्या दृष्टीने तर एक गोष्ट सर्वांहून महत्त्वाची आहे. अतिसारात माणूस दगावतो तो बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. इ. स. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तियुद्धातील निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबिस ह्यांनी साखर, मीठ व खाण्याचा सोडा ह्यांच्या साध्या द्रावणाने असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. कोणतीही साल उगाळण्यापूर्वी ते पाणी रुग्णाच्या, आणि विशेषतः बालकाच्या, पोटात गेले पाहिजे. शौचातून रक्त पडू लागले, ताप चढला, मूल मलूल झाले, तर घरगुती उपायात वेळ न दवडता डॉक्टरकडे जाणे हेच योग्य. गर्भवती स्त्रियांनी व लहान मुलांच्या मातांनी कुड्याचे कल्प स्वतःच्या मनाने घेऊ वा देऊ नयेत. रोगाची ओळख पटविण्याचे काम सहाणेचे नव्हे, तपासणीचे आहे.

लिंबायतीतून मिठी खाडी वाहते आणि पावसाळ्यात तिचे पाणी वस्तीत शिरते, हे तेथील रहिवाशांच्या अनुभवाचे आहे. अशा काळी उकळलेले पाणी, झाकलेले अन्न आणि धुतलेले हात ह्यांची योग्यता कोणत्याही अरिष्टाहून वा अवलेहाहून अधिक आहे. कुड्यास त्यामुळे कमीपणा येत नाही. अमीबा कोणास ठाऊक नव्हता त्या युगात ह्या कडू सालीने असंख्य लोकांस आधार दिला. तिच्यातील गुण रसायनशास्त्राने ओळखला. तिच्या मर्यादाही शास्त्रानेच दाखविल्या.

कतारगाम दरवाजाजवळची ती घुमटी आणि डांगच्या रानातील ते पांढऱ्या फुलांचे झाड ह्यांच्यामध्ये तीनशेंहून अधिक वर्षांचे अंतर आहे. कोचीस बसून झाडामागून झाड ओळखून देणारे रंग भट, विनायक पंडित, अप्पु भट व इट्टी अच्युतन् ह्यांची स्मारके सुरतेत नाहीत. परंतु त्यांनी जे काम केले, म्हणजे हेच झाड, हेच नाव, हाच उपयोग, असे स्वतःच्या सहीने जबाबदारीपूर्वक सांगितले, त्याच कामाची आज पुन्हा गरज आहे. कुड्याची साल हाती घेणाऱ्याने तो कुडाच आहे ना, आणि समोरचा रोग तोच आहे ना, हे दोन प्रश्न विचारून मगच पुढे जावे. ह्या दोन प्रश्नांत वैद्याची परंपरा आणि शास्त्रज्ञाची कसोटी ह्यांचे काहीच वैर नाही.